वडीलपदाच्या अटी आणि 'साधा विश्वासणारा' : एका निवडीचा प्रकरण अभ्यास

प्रकरण

एका मध्यम आकाराच्या ख्रिस्ती मंडळीत वडीलपदाच्या, म्हणजे मंडळीची देखरेख करणाऱ्या नेत्यांच्या, दोन जागा रिकाम्या झाल्या आणि पाळकांनी (पास्टरांनी) सभासदांकडून नावे मागवली. ही मंडळी आणि यातली माणसे अभ्यासासाठी बेतलेली आहेत. मात्र मंडळीत वावरलेल्या कोणालाही यातला एकही प्रसंग अनोळखी वाटणार नाही. आलेल्या नावांत एका गृहस्थांचे नाव सर्वांत वर होते. मंडळीचे हिशेब ते वर्षानुवर्षे चोख ठेवत आले होते, संडे स्कूलची देखरेख त्यांच्याकडे होती, दानाच्या बाबतीत त्यांचा हात सढळ होता आणि अडीअडचणीला धावून जाणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती. त्यांची निवड होणार हे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते.

त्या मंडळीत एक चांगली पद्धत होती. नावे जाहीर करण्यापूर्वी, सुचवलेल्या व्यक्तीविषयी कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने ते पाळकांना खासगीत सांगावे, असा तिथला नियम होता. या वेळी तिघांनी, एकमेकांशी काहीही न बोलता, एकच गोष्ट सांगितली आणि ती या गृहस्थांच्या रागाविषयी होती. बैठकीत कोणी वेगळे मत मांडले की त्यांचा आवाज चढतो, समोरच्याचे वय आणि अनुभव काढला जातो, आणि विषय बाजूला राहून माणसाचाच पाणउतारा होतो. संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या एका तरुणीने हजेरीवही वेळेवर भरली नाही, एवढ्याशा कारणावरून ते तिला मुलांच्या आणि पालकांच्या देखत इतके लागट बोलले होते की पुढच्या रविवारपासून ती वर्ग घ्यायला आलीच नाही. तिने तक्रार केली नव्हती. ती फक्त यायची बंद झाली होती, आणि तिच्या जागी दुसरी व्यवस्था झाल्यामुळे कोणी फारशी विचारपूसही केली नव्हती.

वडीलमंडळाने नव्या करारातील १ तीमथ्य ३:१–७, म्हणजे प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातली देखरेख करणाऱ्याच्या गुणांची यादी, समोर ठेवली. मंडळीची देखरेख करणारा मारकुटा नसावा, सौम्य असावा, भांडखोर नसावा, असे तेथे स्पष्ट आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात (तीत १:७) तो रागीट नसावा अशी भर आहे. नाव गाळण्यात आले. दोन वडील त्यांना घरी जाऊन भेटले आणि कारण न लपवता सांगितले. गृहस्थ चिडले नाहीत. ते म्हणाले, "बरेच झाले. मला वडील होण्याची हौस कधीच नव्हती. मी आपला साधा विश्वासणारा आहे. एवढ्या कडक अटी तुमच्या पदासाठी आहेत, माझ्यासाठी नाहीत." भेटायला गेलेल्यांना हायसे वाटले. इतिवृत्तात एका ओळीची नोंद झाली आणि विषय मिटला असे सर्वांनी धरून चालले.

पुढे बायबल अभ्यासाच्या वर्गात हाच अध्याय आला, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका वयस्कर मावशींनी हात वर केला. "पास्टर, ते वडील झाले नाहीत, हे ठीकच झाले. पण आमच्या त्या पोरीला ते जे बोलले, ते साध्या विश्वासणाऱ्याने बोललेले चालते का?"

पाळकांनी तेव्हा उत्तर दिले नाही. पुढच्या आठवड्यात सांगतो, असे ते म्हणाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात त्यांनी केलेली सर्वांत शहाणी गोष्ट हीच.

यादीत नेमके काय आहे

वडीलमंडळाचा निर्णय चूक नव्हता. त्या निर्णयाचा जो अर्थ गृहस्थांनी लावला आणि वडिलांनी मुकाट्याने मान्य केला, तो चुकीचा होता. पदासाठी जो दोष आड आला, तो पद नसताना दोष उरत नाही, असा तो अर्थ होता. हा अर्थ टिकतो की नाही, हे पाहण्यासाठी यादीतील एकेक गुण घेऊन तो नव्या करारात इतरत्र कोणाकडून अपेक्षिला आहे, हे तपासावे लागते. पाळकांनी त्या आठवड्यात नेमके हेच केले.

अतिथिप्रियतेपासून सुरुवात केली, तर रोमकरांस १२:१३, इब्री लोकांस १३:२ आणि १ पेत्र ४:९ या तिन्ही ठिकाणी पाहुणचाराची आज्ञा सबंध मंडळीला आहे. मद्याविषयीची सूचना इफिसकरांस ५:१८ मध्ये सर्वांना आहे. द्रव्यलोभ नसावा हे इब्री लोकांस १३:५ मध्ये सर्वांना सांगितले आहे, आणि खुद्द तीमथ्याच्या पत्रातच सहाव्या अध्यायात धनाच्या हव्यासाविषयीचा इशारा कोणत्याही पदाचा उल्लेख न करता दिला आहे. विवाहातील निष्ठेसाठी इब्री लोकांस १३:४ आहे. मुलांना वाढवण्याविषयी इफिसकरांस ६:४ आहे. बाहेरच्या लोकांत चांगले नाव असावे, ही अपेक्षा कलस्सैकरांस ४:५ आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१२ मध्ये आहे. निर्दोष असण्याची अपेक्षा तर फिलिप्पैकरांस २:१५ मध्ये सगळ्या मंडळीकडून केली आहे.

आपल्या प्रकरणाशी थेट संबंध असलेला भाग तीत ३:१–२ मध्ये आहे. तेथे पौल तीताला सांगतो की क्रेत बेटावरील विश्वासणाऱ्यांना आठवण करून दे : त्यांनी कोणाची निंदा करू नये, भांडखोर नसावे, सौम्य असावे आणि सर्व माणसांशी नम्रतेने वागावे. १ तीमथ्य ३:३ मध्ये 'भांडखोर नसलेला' आणि 'सौम्य' यांसाठी मूळ ग्रीकमध्ये जे दोन शब्द जोडीने येतात, तेच दोन शब्द येथेही जोडीने आले आहेत, आणि त्यांपैकी पहिला शब्द संपूर्ण नव्या करारात या दोन जागांखेरीज कोठेही आढळत नाही. एका जागी तो मंडळीच्या देखरेख करणाऱ्याविषयी आहे आणि दुसऱ्या जागी कोणत्याही विश्वासणाऱ्याविषयी. मावशींच्या प्रश्नाचे याहून सरळ उत्तर शोधण्याची गरज नाही.

तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आणखी एक जागा आहे, जिच्याकडे अशा चर्चांत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पाचव्या अध्यायात, मंडळीने ज्या विधवांची नावे यादीत घ्यावीत त्यांच्याविषयी सांगितले आहे. त्या साठ वर्षांच्या वरच्या असाव्यात, एकाच पतीशी एकनिष्ठ राहिलेल्या असाव्यात, त्यांनी मुलांचे संगोपन केलेले असावे, पाहुणचार केलेला असावा, संकटात असलेल्यांना मदत केलेली असावी. ही यादी तिसऱ्या अध्यायातील यादीशेजारी ठेवली की दोन्हींचा साचा एकच असल्याचे दिसते : विवाहातली निष्ठा, घर, उघडे दार, आणि लोकांत असलेले चांगले नाव. मंडळीवर सत्ता चालवणाऱ्या पुरुषासाठी आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या वृद्ध स्त्रीसाठी पौलाने वेगवेगळे ख्रिस्ती जीवन कल्पिलेले नाही.

मग यादीत केवळ नेत्यापुरते असे काय उरते? फार थोडे. तो नवशिका विश्वासणारा नसावा, ही अट उघडच पदाची आहे, कारण कोणत्याही विश्वासणाऱ्याला नवशिका असण्यावाचून सुरुवात करता येत नाही. शिकवण्याचे कौशल्य ही दुसरी अट. पण तीही पूर्णपणे वेगळी काढता येत नाही. इब्री लोकांस ५:१२ मध्ये सगळ्या वाचकांनाच दोष दिला आहे की एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवे होते. आणि याकोब ३:१ मध्ये बरोबर उलटी सावधगिरी आहे की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल. ही दोन वचने एकत्र वाचली तर असे दिसते की वचन दुसऱ्याला समजावून सांगता येण्याइतकी वाढ सर्वांकडून अपेक्षित आहे, मात्र ते काम अंगावर घेणाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. घराच्या व्यवस्थेची अटही अशीच दोन पदरी आहे. घर नीट चालवणे प्रत्येकाचे काम. पण ज्याला घर सांभाळता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, हा १ तीमथ्य ३:५ मधला प्रश्न नेमणुकीचा आहे.

यादीत काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. जुन्या करारात याजकांसाठी, म्हणजे वेदीवर अर्पणे करणाऱ्यांसाठी, खरोखरच वेगळी यादी होती. याजकपण अहरोनाच्या वंशाला दिलेले होते, आणि लेवीय २१:१६–२३ मध्ये शरीरात व्यंग असलेल्या याजकाला वेदीजवळ जाण्याची मनाई आहे. या अटी सामान्य इस्राएली माणसाला लागू नव्हत्या आणि त्या पाळणे त्याच्या हातातही नव्हते. तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेल्या पत्रांत वंश नाही, शरीर नाही, घराणे नाही. जे आहे ते सगळे शील आहे, आणि ते कोणत्याही विश्वासणाऱ्यात आत्म्याच्या फळाच्या रूपाने वाढायला हवे असे गलतीकरांस ५:२२–२३ सांगते. एकीकडे देवाने सगळ्या इस्राएलाला याजकांचे राज्य म्हटले (निर्गम १९:६), आणि १ पेत्र २:९ मध्ये ते शब्द सगळ्या मंडळीला लावले गेले. त्यानंतर मंडळीत 'पवित्र लोक' आणि 'साधे लोक' असे दोन थर मानायला जागा उरत नाही.

तरीही ते थर पुन्हा पुन्हा तयार झाले. चौथ्या शतकात योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाला हे बजावावे लागले होते की पवित्र शास्त्र संन्यस्त माणसासाठी एक आणि संसारी माणसासाठी दुसरे, अशा दोन आज्ञा देत नाही. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने सर्व बाप्तिस्मा झालेल्यांच्या याजकपणाचा मुद्दा मांडला तो याच भेदाविरुद्ध. कॅथलिक मंडळीनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या 'लुमेन जेन्टियम' या दस्तऐवजात पवित्रतेचे पाचारण सर्वांना आहे असे स्वतंत्र प्रकरण करून सांगितले. म्हणजे हा कोणा एका पंथाचा आग्रह नाही. 'मी साधा विश्वासणारा आहे' हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण आपल्या गृहस्थांनी ते ज्या अर्थाने वापरले, त्या अर्थाला मंडळीच्या मोठ्या परंपरांपैकी कोणीही पाठिंबा देत नाही.

मग फरक कशात आहे

आज्ञा एकच असेल तर यादी करण्याची गरजच काय, हा प्रश्न वडीलमंडळातील एका सदस्याने विचारला, आणि तो रास्त होता. उत्तर पत्रांच्या पार्श्वभूमीत सापडते. तीमथ्य इफिस शहरात होता. शब्दांवरून वाद घालणारे आणि त्यातून हेवा व कलह निर्माण करणारे शिक्षक तेथे होते (१ तीमथ्य ६:३–५), आणि हीच मंडळी आहे जिच्या वडिलांना पौलाने मिलेत येथे बोलावून सांगितले होते की तुमच्यातूनच विपरीत बोलणारी माणसे उठतील (प्रेषितांची कृत्ये २०:३०). तीत क्रेतमध्ये होता, आणि तेथेही घरेच्या घरे उलटवून टाकणारे लोक होते. अशा ठिकाणी मंडळीने कोणाच्या हाती अधिकार द्यायचा, हे ठरवण्यासाठी ती यादी आहे. सर्वांकडून जे अपेक्षित आहे ते या माणसात आधीच दिसते का, एवढेच ती विचारते. म्हणून १ तीमथ्य ३:१० मध्ये सेवकांविषयी म्हटले आहे की त्यांची आधी पारख व्हावी, आणि ५:२२ मध्ये कोणावर घाईने हात ठेवू नकोस, म्हणजे घाईने नेमणूक करू नकोस, अशी ताकीद आहे.

सामान्य विश्वासणाऱ्यासाठी तेच गुण वाढीची दिशा आहेत, नेत्यासाठी ते प्रवेशाची अट आहेत. नेता त्यात ढळला तर त्याचे पद जाऊ शकते, आणि १ तीमथ्य ५:२० प्रमाणे पापात राहणाऱ्या वडिलाचा दोष सर्वांदेखत दाखवला जातो. सभासद ढळला तर मत्तय १८:१५–१७ मधली पायरी-पायरीची वाट आहे : आधी एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, आणि तरीही त्याने ऐकले नाही तर मंडळीपुढे. परिणाम वेगळे, वाट वेगळी, पण आज्ञा तीच. शिवाय सभासदाच्या बाबतीत काही चालतेच असा समज असेल, तर १ करिंथकरांस ५:११ वाचावे. मंडळीतील ज्या 'भावा'शी संबंध ठेवू नये असे तेथे सांगितले आहे, त्यांच्या यादीत जारकर्मी आणि मद्यपी यांच्या जोडीला निंदा-शिवीगाळ करणाराही आहे. आपण सहसा पहिल्या दोघांपाशीच थांबतो.

येथे एक अनुषंगिक गोष्ट सांगावीशी वाटते. पाळकाच्या घरातला मुलगा उपासनेला उशिरा आला की त्याची चर्चा होते, पाळकाची पत्नी कोणाशी कशी बोलली याची नोंद घेतली जाते. आणि हे सगळे १ तीमथ्य ३ च्या आधारे केले जाते. नीतिसूत्रे २०:१० मध्ये दोन प्रकारची वजने परमेश्वराला वीट आणतात असे म्हटले आहे. ज्या वजनाने पाळकाचे घर तोलले, तेच वजन आपल्या घरी नेले तर चर्चेचा सूर बराच उतरेल.

उलट टोकाची चूक

पाळकांनी हा सगळा अभ्यास पुढच्या वर्गात मांडला, तेव्हा मावशींचे समाधान झाले. पण एका नव्याच अडचणीला तोंड फुटले. मंडळीत नुकताच विश्वासात आलेला एक तरुण होता. दारूच्या व्यसनातून तो बाहेर पडत होता आणि मधूनच एखादेवेळी घसरत होता. वडिलांची यादी सर्वांना लागू आहे, एवढेच त्याच्या कानी पडले. पुढच्या प्रभुभोजनाच्या (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी तो मागे उभा राहिला आणि पुढे आलाच नाही. याच सुमारास काही सभासद एकमेकांना यादी लावून पाहू लागले : अमक्याकडे कधी पाहुणा जात नाही, तमकीची मुले ऐकत नाहीत.

त्या तरुणाचे आणि आपल्या गृहस्थांचे प्रकरण शेजारी ठेवले की मुद्दा उजळतो. दोघेही यादीत बसत नाहीत. पण तरुण स्वतःच्या घसरण्याला घसरणे म्हणतो, मदत मागतो, उठून पुन्हा चालू लागतो. गृहस्थ आपल्या रागाला स्वभाव म्हणतात आणि पद नको म्हणून त्यातून मोकळे होतात. ही यादी मंडळीच्या सभासदत्वाचे किंवा प्रभुभोजनाचे दार नाही. त्या दाराशी विश्वास आणि पश्चात्ताप विचारला जातो, आणि १ करिंथकरांस ११:२८ मध्ये माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकरी खावी असे सांगितले आहे. परीक्षा करून दूर राहावे असे नाही. पाळक त्या तरुणाच्या घरी गेले आणि त्यांनी त्याला हेच सांगितले. प्रभुभोजनाआधी थांबायला कोणाला सांगायचेच असेल, तर मत्तय ५:२३–२४ मध्ये वेदीजवळ दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे ज्याला सांगितले आहे त्याला सांगावे लागेल. आणि आपल्या प्रकरणात तो माणूस मागे उभा नव्हता, पहिल्या रांगेत बसला होता.

नेत्यांसाठीचे वचन सामान्य माणसाला लावताना ही जपणूक सुटली, तर कृपेच्या मंडळीची परीक्षामंडळी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी भेट

पाळक आणि वडीलमंडळातील एक जण त्या गृहस्थांना पुन्हा भेटले. गलतीकरांस ६:१ मध्ये अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणा, आणि तसे करताना स्वतःकडेही लक्ष द्या, असे म्हटले आहे; भेटीपूर्वी त्यांनी तेच वचन वाचले होते. या वेळी संभाषण सोपे गेले नाही. गृहस्थांनी २ तीमथ्य ४:२ काढले. दोष दाखव, निषेध कर, बोध कर, असे वचनच सांगते. शिस्त लावली तर मी काय चुकलो, असा त्यांचा सवाल होता.

पाळकांनी शांतपणे दोन गोष्टी दाखवल्या. एक, ही आज्ञा तीमथ्याला वचनाची घोषणा करण्याच्या कामासंबंधी दिलेली आहे. दोन, त्याच वाक्यात 'सर्व सहनशीलतेने' हे शब्द आहेत, आणि त्याच पत्रात २:२४–२५ मध्ये प्रभूच्या दासाने भांडू नये, सर्वांशी सौम्य असावे, विरोध करणाऱ्यांनाही सौम्यतेने शिकवावे, असे आहे. मग ते एवढेच म्हणाले, "भाऊ, नेत्याचा अधिकार त्या पत्रातून घ्यायचा आणि नेत्याची अट त्याच पत्रात सोडून द्यायची, असे कसे चालेल?"

या प्रकरणाचा खरा गाभा मला येथे दिसतो. 'हे नेत्यांसाठी आहे' असे म्हणून वचन दूर सारणारा माणूस बहुधा सगळेच वचन दूर सारत नाही. त्यातला दुसऱ्याला सुनावण्याचा भाग तो ठेवून घेतो.

शिवाय ज्याच्याकडे पद नाही त्याच्याकडे अधिकार नसतो, हेही खरे नाही. गृहस्थ वडील नव्हते, तरी संडे स्कूलच्या सगळ्या शिक्षकांवर त्यांचा शब्द चालत होता, आणि हिशेबाची वही त्यांच्या हाती असल्यामुळे कोणताही खर्च त्यांच्या संमतीखेरीज होत नव्हता. १ पेत्र ५:२–३ मध्ये वडिलांना सांगितले आहे की कळप सक्तीने नव्हे तर संतोषाने सांभाळा, हाती सोपवलेल्यांवर धनीपण गाजवू नका, कळपाला कित्ता व्हा. ज्या कोणाच्या हाताखाली माणसे आहेत, मग ते आईबाप असोत, शिक्षक असोत, गायनवृंदाचे प्रमुख असोत की कामावरचे वरिष्ठ, त्यांच्यासाठी हे वचन पदाच्या मर्यादेत अडकून राहत नाही. इफिसकरांस ६:९ मध्ये धन्यांना धमकावणे सोडा असे सांगितले आहे, आणि पेत्र स्वतःच पुढे ५:५ मध्ये वडिलांवरून तरुणांकडे आणि तेथून 'तुम्ही सर्व जण' या शब्दांकडे वळतो : सगळ्यांनीच एकमेकांशी वागताना नम्रतेचे वस्त्र नेसावे. मार्क १०:४२–४५ मधले 'तुमच्यात तसे नसावे' हे शब्द बारा शिष्यांना उद्देशून होते, पण फिलिप्पैकरांस २:३–८ मध्ये पौलाने तीच नम्रता सबंध मंडळीपुढे ठेवली आहे.

गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "तिला घरी जाऊन भेटू का?" पाळकांनी सांगितले की जरूर भेटा, पण जे सर्वांदेखत बोलले गेले त्याची क्षमा एकट्या खोलीत मागून पुरत नाही.

काय झाले, काय राहिले

पुढे एका रविवारी, वर्ग सुरू होण्याआधी, मुले आणि काही पालक जमलेले असताना, गृहस्थांनी त्या तरुणीची क्षमा मागितली. ती त्यासाठी यायला तयार झाली होती. त्यांनी कारणे दिली नाहीत, हजेरीवहीचा उल्लेख केला नाही. मी तुमचा अपमान केला आणि तसे करायला नको होते, असे ते म्हणाले. तिने क्षमा केली. मात्र संडे स्कूलमध्ये ती परत आली नाही, आणि तिने परत यावे म्हणून कोणी तिच्यावर दबाव आणला नाही, हेही योग्यच झाले. क्षमा आणि पूर्वीची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट तिच्या मर्जीवर सोडायला हवी होती.

वडीलमंडळाने संडे स्कूलची देखरेख दुसऱ्या व्यक्तीकडे दिली आणि हिशेब गृहस्थांकडेच ठेवले. माझ्या मते यातला पहिला निर्णय बरोबर होता. दुसऱ्याविषयी मला शंका आहे. हिशेबात ते चोख आहेत, हे कारण पुढे केले गेले, पण पैशाचा हिशेब ठेवणाऱ्याकडे मदत मागणारा माणूस येतो, आणि त्याच्याशी कसे बोलले जाते हाही त्या कामाचा भाग आहे. प्रेषितांची कृत्ये ६:३ मध्ये विधवांच्या रोजच्या वाटपासाठी माणसे निवडताना मागितलेली पात्रता आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण आणि चांगल्या नावाची माणसे अशी होती. आकडेमोडीचा उल्लेखही तेथे नाही. निदान वर्षभर तरी हिशेबाच्या कामावर दुसरे कोणी बरोबर असावे, असे ठरवता आले असते.

पद्धतीत मात्र दोन बदल झाले. मंडळीत ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत अशा प्रत्येक जबाबदारीसाठी, ती वडीलपदाची असो वा नसो, नेमणुकीपूर्वी सभासदांकडून खासगीत मते घ्यायची, असे ठरले. आणि निवडीतून नाव गाळण्याचे कारण शीलाचे असेल, तर ते कारण कळवून न थांबता त्या माणसाबरोबर पुढे चालण्याची जबाबदारी एका वडिलावर सोपवायची, असेही ठरले. या दुसऱ्या ठरावाला वडीलमंडळातच थोडा विरोध झाला. नाव गाळणे हेच पुरेसे अवघड असते, त्यात ही भर कशाला, असे एकाचे म्हणणे होते. ठराव मंजूर झाला तो अवघ्या एका मताच्या फरकाने.

पुढच्या निवडीच्या वेळी या गृहस्थांचे नाव पुन्हा सुचवले गेले. त्यांनी ते स्वतःच मागे घेतले, आणि या वेळी 'साधा विश्वासणारा' हे शब्द वापरले नाहीत. अजून मला वेळ लागेल, असे ते म्हणाले. जो वडील त्यांच्याबरोबर दर महिन्याला बसत असे, त्याच्याही मते हे मागे घेणे योग्य होते, कारण मधल्या काळात बैठकीत दोनदा त्यांचा आवाज चढला होता. दोन्ही वेळा त्यांनी बैठक संपण्यापूर्वी त्या व्यक्तीची माफी मागितली होती, याची नोंद इतिवृत्तात आहे.